वजन उतरवायचं नाही, थांबवायचं

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा आहे, पाचवीत शिकतो. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. शाळेच्या तपासणीत त्याची उंची १४० सेंमी आणि वजन ४६ किलो भरलं. चिठ्ठीवर 'स्थूल' असा शेरा आला. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, नजर लावू नका. नवरा म्हणतो, मीही लहानपणी असाच होतो, कॉलेजात गेल्यावर आपोआप उतरलो. फार तर थायरॉइड तपासू. आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगा सकाळी सहाला उठतो, साडेतीनला व्हॅनने घरी येतो. आजी पावडर घातलेलं दूध आणि क्रीमची बिस्किटं देते. मग मोबाइल, साडेपाचला क्लास, जाताना दहा रुपयांचे वेफर्स. रात्री साडेनऊला जेवण, झोपायला अकरा. मी महिनाभर भात-बटाटा बंद केला, जिभेवर ताबा ठेव म्हणून रोज सांगते, पण तो लपून खातो. मान काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही. मुलं चिडवतात म्हणून खेळाच्या तासाला बसून राहतो. धाकटी ६ वर्षांची, अगदी काडी. तिच्यासाठी खाऊ आणावाच लागतो. ओळखीच्या एका बाईंनी डाएट चार्ट आणि पावडर सुचवलीय. पोहण्याच्या क्लासचीही चौकशी केलीय. काय करू?

उत्तर :

ताई, तुम्ही मुलाच्या जिभेला दोष दिला आहे, पण त्याचा दिवस कसा जातो तेही नीट लिहिलंत हे बरं झालं. वजनाचं कारण मला त्या दिवसात जास्त दिसतं.

आधी चिठ्ठीवरचा शेरा खरा आहे का, ते पाहू. ४६ किलोला १.४ मीटर उंचीने दोनदा भागलं की २३.५ येतं, हा त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. घरातल्या मोठ्या माणसाचा आकडा एवढा असता तर कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. मुलांचं गणित मात्र वयागणिक बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १० वर्षांच्या मुलग्याचा मधला आकडा १६.४ आहे. १८.५ च्या वर गेला की वजन जास्त आणि २१.४ च्या वर स्थूलता. मुलींचा तक्ता वेगळा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी स्वतंत्र आलेख काढले. ते आणखी कडक आहेत, कारण तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबीचा वाटा जास्त असतो. हे पुढे आणण्यात पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाचा मोठा हात आहे. त्यांनी आणि ब्रिटनमधल्या डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली होती : दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

तेव्हा शेरा बरोबर आहे. घरी आणखी एक माप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या पोटावर, श्वास सोडल्यावर टेप लावा. पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजलं तर चुकीचं येतं. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे त्याची ७० सेंमीच्या आत. त्यापेक्षा जास्त भरली तर चरबी पोटात साठते आहे असं समजा. मधुमेहाकडे आणि यकृताच्या त्रासाकडे नेणारी चरबी हीच.

मानेचा काळेपणा मळ नव्हे. घासणं आजच थांबवा. बेसन, लिंबू, स्क्रब काही नको. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की शरीर ते जास्त प्रमाणात तयार करतं, आणि वाढलेल्या इन्शुलिनमुळे मान, काखा, जांघा इथली त्वचा जाड, काळपट आणि मखमली होते. रक्तातली साखर बिघडण्याच्या बरीच आधी ही खूण दिसते. वजनाची चढण थांबली की काही महिन्यांत ती फिकी होते. तुमच्याकडे फुकटात मिळालेलं हे मोजमाप आहे. दर दोन महिन्यांनी त्याच उजेडात मानेचा फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते बारीक झाले हे खरं असेल. पण अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं की स्थूल मुलांपैकी निम्म्याहून अधिक, साधारण ५५ टक्के, किशोरवयातही स्थूलच राहतात. आणि किशोरवयात स्थूल असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही. आपोआप उतरण्यावर भरवसा ठेवण्याइतकी ही शक्यता चांगली नाही. त्यांनी एकदा स्वतःची कंबरही मोजावी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंमी आहे.

थायरॉइडचा उलगडा उंचीवरून होतो. हार्मोनच्या दोषामुळे वजन वाढतं तेव्हा उंची खुंटते. तुमचा मुलगा १४० सेंमी आहे आणि या वयाची सरासरी १३८ च्या आसपास. खाण्याने आणि बैठेपणाने वाढलेली मुलं अशीच, वयाच्या मानाने थोडी उंच असतात. वर्षभरात उंची ४ सेंमीपेक्षा कमी वाढली असती, किंवा दम्यासाठी तोंडाने स्टेरॉइडची औषधं बरेच दिवस चालू असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला हरकत नाही, पण वजनामुळेच तो आकडा किंचित वर जाऊ शकतो, आणि तेवढ्यावर गोळी सुरू होते. ती मागून घेऊ नका.

ज्या तपासण्या खरोखर हव्यात त्या अशा : उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि रक्तदाब. दोन जागी फसगत होते. लॅबच्या कागदावर एसजीपीटीची मर्यादा चाळीस-पंचेचाळीस छापलेली असते, पण ती मोठ्यांची. मुलग्यांमध्ये २६ च्या वर आणि मुलींमध्ये २२ च्या वर गेला तरी यकृतात चरबी आहे का, हा विचार करावा लागतो. 'नॉर्मल' वाचून फाइल बंद करू नका. आणि रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरेल असा मोठा हवा. लहान पट्ट्याने आकडा खोटा जास्त येतो, मग घरात उगीच घबराट.

रात्री घोरतो का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो, सकाळी डोकं दुखतं, वर्गात पेंगतो, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय, असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) आणि गळ्याभोवतीची चरबी मिळून श्वास अडवतात, आणि अशी अर्धवट झोप वजन आणखी वाढवते. एकदम तहान आणि लघवी वाढली तर साखर त्याच दिवशी तपासायची. आणि एक गोष्ट हमखास निसटते : जड मुलगा लंगडायला लागला, गुडघा दुखतो म्हणाला आणि गुडघ्यात काही सापडलं नाही, तर खुब्याचा एक्स-रे काढायचा. वाढत्या वयात खुब्याच्या हाडाचं टोक सरकतं आणि वेदना गुडघ्यात जाणवते. तिथे मालिश किंवा वाट पाहणं महागात पडतं.

आता जिभेविषयी. १९९० मध्ये भारतात ५ ते १९ वयोगटातली स्थूल मुलं सुमारे ४ लाख होती; २०२२ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाख, असा एका जागतिक संशोधकगटाचा अंदाज आहे. बत्तीस वर्षांत आपली मुलं तीसपट हावरट झाली, असं कोण म्हणेल? बदललं ते शहर. सोसायटीतली खेळायची जागा पार्किंगने घेतली, उरलेल्या पट्ट्यावर 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी लागली. फुटपाथ नाही म्हणून शाळेला व्हॅन आली. संध्याकाळ क्लासने भरली. आणि पाच-दहा रुपयांची पाकिटं प्रत्येक दुकानाच्या दारात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकली. या सगळ्यासमोर दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने ताबा ठेवावा, ही अपेक्षा आपणच तपासायला हवी.

दुपारचा हिशेब मांडू. म्हशीचं कपभर दूध, दोन चमचे पावडर, दोन चमचे साखर : तीनशेच्या वर कॅलरी. क्रीमची सहा बिस्किटं : आणखी तीनशे. दहाचे वेफर्स : शंभरच्या वर. एकूण सातशेच्या पुढे. या वयाच्या मुलग्याची दिवसाची गरज साधारण २२०० आहे, म्हणजे साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत जवळपास तिसरा हिस्सा गेला, आणि त्यात पोट भरेल असं दुधाखेरीज काही नाही. साखर मोजली तर ३५ ते ४० ग्रॅम. दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. त्या पावडरीवर 'हेल्थ ड्रिंक' लिहिलेलं असेल तर सांगते, आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं होतं.

पण हा हिशेब घेऊन सासूबाईंवर जाऊ नका. मुलगा साडेतीनला खरंच भुकेला असतो. सहाला उठलेलं मूल सकाळी धड खात नाही. मधली सुट्टी छोटी, त्यात निम्मा वेळ हात धुण्यात आणि गप्पांत जातो. आठवडाभर डबा परत आल्यावर उघडून बघा. तो निम्मा परत येत असेल अशी माझी अटकळ आहे. म्हणजे दिवसातली सगळ्यात मोठी भूक आणि सगळ्यात पोकळ खाणं नेमकं एका वेळी येतं. दुरुस्ती इथे करायची, आणि ती आजीच करू शकतात.

साडेतीनला खाऊ द्यायचा नाही, जेवण द्यायचं. एक पोळी, वाटीभर भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि हो, एक वाटी भात. तुम्ही बंद केलेला भात परत आणा. वाटीभर भाताच्या कॅलरी तीन-चार क्रीमच्या बिस्किटांएवढ्या असतात. बंद झाला भात आणि चालू राहिली बिस्किटं, असं तुमच्या घरात झालंय. लपून खाणंही त्याच बंदीतून आलंय. एखादा पदार्थ मुलासमोर 'तुला नाही' म्हणून ठेवला की त्याची ओढ वाढते. पुन्हा मागितलं तर दहा मिनिटं थांबून आधी भाजी-वरण वाढायचं, नंतर पोळी-भात. पोट भरल्याची जाणीव व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि समोर मोबाइल असेल तर ती होतच नाही. जेवताना पडदा नको, हा नियम मोठ्यांनाही लागू.

साडेसहा-सातला क्लासहून आल्यावर थोडं काही : मुगाचं एक धिरडं, उकडलेले शेंगदाणे मूठभर, काकडी-टोमॅटो घातलेली कुरमुऱ्यांची भेळ शेव न घालता, उकडलेलं अंडं, पेरू. मग जेवण आठला, हलकं. तुम्हाला घरी पोचायला उशीर होत असेल तर मुलांनी आजीबरोबर आधी जेवावं. सगळ्यांनी एकत्र जेवण्याचा हट्ट रविवारी पुरवा. दूध दिवसाला दोन कप पुरे, गायीचं किंवा टोन्ड, बिनसाखरेचं. साखर एकदम काढली तर पेला सिंकमध्ये ओतला जाईल, म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. गूळ आणि मध यांचीही साखरच मोजायची. फळाचा रस, घरी काढलेला असला तरी, रोज नको. फळ चावून खाऊ दे.

तेल सगळ्यांनाच विसरायला होतं. दर माणशी महिन्याला अर्धा लिटर ही ढोबळ मर्यादा धरा. तुम्ही पाच जण, म्हणजे अडीच लिटर. महिन्याला पाचचा कॅन संपत असेल तर मुलाच्या ताटात कितीही काटछाट करून उपयोग नाही. वाण्याच्या यादीत तेल निम्मं लिहा आणि बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने घाला. वडापाव आठवड्यातून एकदा बाहेर, उघडपणे, मजेत खावा. रोजच्या बिस्किटांनी होतं तेवढं नुकसान त्या एका वडापावाने होत नाही.

आणि धाकटी. ती काडी आहे म्हणून घरात खाऊ येतो, हे मला सगळ्यात खटकलं. बारीक मुलीला वेफर्स-बिस्किटांनी बाळसं येत नाही. भूक तेवढी मरते आणि ती जेवणाला नाही म्हणते. तिचंही वजन-उंची आलेखावर बघा. आलेख चढता असेल तर ती फक्त बारीक चणीची आहे. खरंच कमी भरली तर तिला लागेल ते प्रथिन आणि लोह : अंडं, डाळ, शेंगदाण्याचं कूट, तिच्या वरणात एक चमचा तूप जास्त. आपल्या शहरांत एकाच घरात एक मूल जाड आणि एक किडकिडीत हे सर्रास दिसतं, आणि दोघांमध्ये लोह कमी असू शकतं, कारण दोघंही त्याच डब्यातून खातात. तेव्हा घरात स्वयंपाक एकच. खाऊचा डबा भरायचाच नाही. घरात नसलेल्या गोष्टीसाठी मुलाला ताबा ठेवावा लागत नाही.

झोप सात तास होतेय. या वयाला नऊ ते बारा लागते. कमी झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त हवंसं वाटतं, भुकेचे संदेशच बदलतात. जेवण आठला आलं की झोप नऊपर्यंत मागे आणता येईल. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. मोबाइल रात्री साडेआठनंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचेही तिथेच.

पोहण्याविषयी. जरूर घाला, सांध्यांवर भार येत नाही. पण आठवड्यातून दोनदा तासभर पोहून जेवढं जळतं, ते दर वेळी बाहेर पडताना खाल्लेल्या एकेका वडापावाने भरून येतं. त्याला रोज तासभर घाम येईल, धाप लागेल अशी हालचाल हवी, आणि ती अर्ध्या-अर्ध्या तासात विभागली तरी चालते. क्लास एक दिवसाआड करता येतो का बघा. येत नसेल तर तो चालत किंवा सायकलने जाईल असा क्लास शोधा. मोबाइलच्या जागी खाली लगोरी, डबा ऐसपैस, बॅडमिंटन. जाड मुलाला हमखास गोलकीपर करतात आणि तो तासभर उभाच राहतो, हे लक्षात ठेवा. पळण्याच्या शर्यतीत नेहमी शेवटी येणारा मुलगा महिन्याभरात खेळ सोडतो, म्हणून सायकल, पोहणं, थ्रोबॉल असे खेळ निवडा, जिथे ताकदीला किंमत आहे. सोसायटीच्या सभेत संध्याकाळी साडेचार ते साडेपाच गाड्या हलवून मुलांना जागा द्या, हा विषय मांडण्यासारखा आहे. यजमानांना तो द्या.

चार्ट आणि पावडर नको. जेवणाऐवजी पावडर, कीटो, उपास, वजन उतरवण्याच्या गोळ्या, जाहिरातीतली इंजेक्शनं, यातलं काहीही तुमच्या मुलाच्या वयाला लागू नाही. वाढत्या मुलाचं वजन झपाट्याने उतरवलं तर स्नायू आणि उंचीही त्यात जाते. तुमच्या हाताशी मोठ्यांना नसलेली एक सोय आहे : तो वाढतोय. वर्षाला ६ सेंमी धरू. वजन ४६ वरच राहिलं तर पुढच्या वर्षी १४६ सेंमीला बीएमआय २१.६ येईल, आणि ११ वर्षांची स्थूलतेची रेषा २२.५ आहे. म्हणजे एक किलोही न उतरवता तो तिच्याखाली येईल. दोन वर्षांनी १५२ सेंमीला १९.९, म्हणजे 'वजन जास्त' या गटाच्याही काठावर. मध्ये एखादा किलो वाढला तरी दिशा खालचीच राहते. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. उंची तीन महिन्यांनी, भिंतीला टाचा टेकवून. रोज काट्यावर उभं करू नका. पाहुण्यांसमोर तर त्याच्या वजनाचा विषयही नको.

ज्यांच्याकडे आजी नाहीत आणि मूल किल्लीने दार उघडून घरी येतं, त्यांनी सकाळीच साडेतीनचं ताट वाढून झाकून ठेवावं, शेजारी पेरू किंवा केळं. भुकेलं मूल जे आधी दिसेल ते खातं. स्वयंपाकाच्या मावशी येत असतील तर तेलाची बाटली त्यांच्या हाती देण्याऐवजी दिवसाचं तेल वाटीत काढून द्यावं.

शाळेत दोन कामं आहेत. एक, वर्गशिक्षिकांना भेटून चिडवण्याबद्दल स्पष्ट सांगा, आणि पीटीच्या सरांना सांगा की त्याला बाजूला बसवू नका, स्कोअर लिहायलाही लावू नका. 'मनावर घेऊ नकोस' असं मुलाला सांगून भागत नाही; अशी मुलं घरी येऊन खाण्यातच आसरा शोधतात. दोन, कँटीन. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. सीबीएसई शाळा असेल तर मे २०२५ पासून भिंतीवर 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारा फलक, लावायची सूचनाही आहे. पालकसभेत तो कुठे लावलाय एवढंच विचारा. रक्ताच्या तपासण्या या महिन्यात करून घ्या. त्यात काही बिघाड निघाला तर बालरोग-हार्मोनतज्ज्ञांकडे जा. नाही निघाला तर सहा महिन्यांनी वजन, उंची, कंबर आणि मानेचे फोटो घेऊन तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.